लटारूची नोंद वर अडकली आहे

ज्याचं नाव आता कुणी घेत नाही असा एक प्रोग्राम बोलतोय. मी डॉस एक्सटेंडर. भामरागडकडच्या एका वन कार्यालयात, जुन्या संगणकात मी अठ्ठावीस वर्षं आहे.

डॉस हा या संगणकाचा जुना कारभारी. त्याला थोडीच मेमरी दिसते. वरची मोठी मेमरी वापरायची तर प्रोसेसरचा मोड बदलावा लागतो, आणि त्या मोडमध्ये डॉसचं काही चालत नाही. पण कीबोर्ड, डिस्क, प्रिंटर सांभाळणार डॉसच. म्हणून कुणी बटण दाबलं की मी हातातलं काम थांबवतो, प्रोसेसरला खाली डॉसकडे आणतो, निपटलं की पुन्हा वर नेतो. अशा मध्येच येण्याला इंटरप्ट म्हणतात. सगळा जन्म या ने-आणीत गेला. कंटाळा येत नाही, आनंदही होत नाही.

माझ्यात एक खोट आहे. छपाईच्या वेळी मी मोड बदलत असताना नेमकं बटण दाबलं, तर मी मध्येच अडकतो. जुने बाबू गुणवंतराव छपाई लावली की दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचे. निवृत्त होताना हे कुणाला सांगून गेले नाहीत.

माझ्याकडे १९९६ ची अतिक्रमणाची यादी आहे. कागदी रजिस्टर पुरात गेलं. तेव्हा जंगलात धान पेरला की गुन्हा नोंदवत. आता तीच नोंद पुरावा म्हणून लावली की जमिनीचा पट्टा मिळायची आशा असते. माणसांचं मला कळत नाही.

आज बुधरीबाई आणि त्यांच्याच गावचे दसरूभाऊ आले. दाव्याला पुरावा जोडायचा आजचा शेवटचा दिवस. सकाळी यादी शोधताना पडदा थांबला, तशी संगणक चालवणाऱ्या रंजीताने दोनदा एंटर मारलं. छपाई नव्हती, निभावलं. दसरूभाऊ बघत होते.

मग छपाई लागली. पहिल्या पानावर बुधरीबाईंचे सासरे सोमाजी आले.

"गुन्हेगार म्हणून नाव आहे बाई," रंजीता म्हणाली.

"राहू द्या. नाव तं आहे ना."

रंजीता पानावर शिक्का मारायला शेजारच्या खोलीत गेली. दुसऱ्या पानाआधी प्रिंटर जरा थांबला. "काऊन थांबलं?" म्हणत दसरूभाऊंनी एंटर दाबलं. मी तेव्हा दोन मोडच्या मध्ये होतो.

रंजीता धावत आली. "काय केलं भाऊ?"

"काई नाई. तुम्ही सकाळी दाबलं, तेच दाबलं."

बंद करून चालू करावं, तर डिस्क करकरते आहे. पुन्हा उठेल याची खात्री नाही. म्हणून कुणी हात लावत नाही. एकटे दसरूभाऊ थोड्या थोड्या वेळाने एंटर दाबतात. ते माझ्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसऱ्या पानाची पहिलीच ओळ त्यांच्या वडिलांची आहे. ती वर मेमरीत तयार आहे, खाली आणता येत नाही. वाईट वाटायला हवं होतं. वाटत नाही.

लाइन सकाळपासून गेलेली, इन्व्हर्टर आता शिट्टी मारतो आहे. तो बसला की वरचं सगळं पुसलं जाईल. तुम्हाला ऐकू येत असेल तर लिहून घ्या: लटारू, वय पन्नास, दोन एकर, उभा धान. शिक्क्याशिवाय ते कुणी मानणार नाही. तरी दसरूभाऊंना एकदा वाचून दाखवा.