आज्ञाधारक अस्वल

घरात तिला सगळे आत्या म्हणत आणि प्रकाशक पाठीमागे कात्री. वर्षातून दोनदा ती पेपरात मुलांसाठी नव्या पुस्तकांची शिफारस करायची, आणि तो लेख बघून शिक्षक वर्गासाठी पुस्तकं घ्यायचे. त्यामुळे तिच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नसे. दात घासणारे वाघ, कचरा उचलणाऱ्या खारी, खोटं बोलून पस्तावलेले कावळे. मुलांसाठी लिहायचं म्हणजे डोकं खुंटीला टांगून बसायचं, असा या मंडळींचा समज असावा, असं ती चारचौघांत म्हणे.

या खेपेला ढिगात तिच्या थोरल्या भावाचं पुस्तक येऊन पडलं. दादा पाणीपुरवठा खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेला. 'आज्ञाधारक अस्वल' त्यानं पदरमोड करून छापलं होतं. वहिनी ते घेऊन आली.

"वन्सं, दोन ओळी लिहा हो. झोपेतसुद्धा अस्वल अस्वल करतात."

"झोपेत करू दे की. कागदावर कशाला?"

वहिनी हसली, पण पुस्तक ठेवूनच गेली. त्यातलं पिल्लू आईचं न ऐकता मध खायला जातं, झाडावरून पडतं, आणि मग सगळ्यांची माफी मागत सुटतं. आईची, गुरुजींची, झाडाची, अगदी मधमाश्यांचीही. पोटच्या पोरीला ज्यानं उभ्या जन्मात एक गोष्ट सांगितली नाही, नुसते हुकूम सोडले, तो आता जगाच्या पोरांना शहाणं करायला निघाला होता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आत्यानं ठरवलं, लेखात नावच घ्यायचं नाही. विचारलं तर सांगू, जागा पुरली नाही.

दादाची ती पोरगी आता तिसरीच्या वर्गाची शिक्षिका होती. आत्याच्या लेखी भाची म्हणजे मऊ मेण. बापापुढे तिची मान कधी वर झाली नव्हती. दादानं तिच्याच वर्गात वाचन ठरवलं आणि बहिणीलाही बोलावलं. आत्या गेली ती फजिती बघायला.

दादा उभा राहून वाचत होता, खात्याचं परिपत्रक वाचावं तसा. मुलं खोडरबर कुरतडत होती. शेवटी त्यानं विचारलं, "तर मग, अस्वलाचं काय चुकलं?"

खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "काहीच नाही. त्याला भूक लागली होती. आईनंच शिडी धरायला हवी होती."

वर्ग खदखदून हसला. दादाच्या कपाळावर शीर उठली. "उभी राहा. तास संपेपर्यंत उभी राहा."

मुलगी उभी राहिली. आत्यानं भाचीकडे पाहिलं. तिची मान नेहमीसारखी खाली गेली होती. आत्याच्या मनात आलं, झालं, मेण वितळलं.

"बाबा," भाची म्हणाली, आणि मान वर केली. "माझ्या वर्गात उत्तर दिलं म्हणून कुणाला उभं करत नाहीत. बस गं तू."

दादा पुस्तक काखोटीला मारून निघून गेला. भाचीनं कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं, हरवलेल्या मोज्याचा शोध घेणाऱ्या कुटुंबाचं, आणि वाचायला लागली. दुसऱ्याच पानाला मुलं बाकांवरून खाली सरकत तिच्या पायाशी येऊन बसली. आत्याही ऐकत राहिली. तेच पुस्तक तिच्याकडे आलं होतं. मुखपृष्ठ बघूनच तिनं ते रद्दीत घातलं होतं.

बाहेर व्हरांड्यात भाची भिंतीला टेकली. "बाबांना असं पहिल्यांदाच बोलले, आत्या."

आयुष्यभर आत्यानं मेलेल्या पुस्तकांवर कात्री चालवली होती, आणि भावाच्या तोंडावर एक शब्द बोलायची वेळ आली तेव्हा जागेची सबब शोधून ठेवली होती. इतरांसाठी राखून ठेवलेली तुच्छता आता तिलाच चिकटली.

घरी जाऊन तिनं फोन लावला. "दादा, पुस्तक वाईट आहे. मी शिफारस करणार नाही."

"तुला मुलांमधलं काय कळतं?"

"मला कमीच कळतं. तुला तेवढंही नाही."

लेखात मोज्याचं पुस्तक सर्वांत वर आलं. दादानं बोलणं टाकलं. वहिनी मात्र येत राहिली, आणि एकदा जाताना दारात हळूच म्हणाली, "वन्सं, आता कासवावर लिहितायत. शिस्तीच्या."