गळ्याजवळचा रंग

"गोंडे सोनेरी असू देत, पण टाके आपल्या गिरणीतल्या बाईचेच हवेत." मित्रांनो, झेलीचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. तोंडात टाचण्या धरून ती बोलत होती, त्यामुळे शब्द अर्धेमुर्धेच बाहेर पडत. माझ्या कानावर पडलेले ते पहिले बोलणे.

मी एक जुना रेशमी पट्टा आहे. निळा, पांढरा, तांबडा. फ्रान्सच्या उत्तरेला लोकरीच्या गिरण्यांचे एक गाव आहे, तिथे माझा जन्म झाला. त्या वसंतात आन्सेल्म देल्व्हाल नावाचा शाळामास्तर समाजवादी पक्षाकडून नगराध्यक्ष झाला होता. त्याचा बाप गिरणीच्या रंगखात्यात होता. म्हाताऱ्याच्या नखांतली निळाई मरेपर्यंत गेली नाही. झेली मागावर काम करी. मास्तरबरोबर दारोदार पत्रके वाटून तिच्या टाचा फुटल्या होत्या. पक्षात सगळे एकमेकांना अरे-तुरे करीत, पण ती त्याला 'मास्तर'च म्हणे.

नगराध्यक्षाने मला खांद्यावरून तिरके बांधायचे आणि निळी कड गळ्याजवळ ठेवायची, अशी आमच्याकडची रीत. तिथे लग्नेही नगराध्यक्षच लावतो; मी किती लग्ने लावली म्हणून सांगू! नवरीच्या आईचे अश्रू माझ्यावर सांडले, नवऱ्याच्या मामाची बियरही सांडली. ग्रंथालय उघडले त्या दिवशी पोरांनी माझे गोंडे ओढून पाहिले. मास्तर हसला, मला मात्र उगाच अंगावर मोरपीस फिरल्यासारखे झाले.

चार वर्षांनी गावाने त्याला पॅरिसच्या संसदेतही धाडले. आता पंचाईत झाली. खासदार तोच पट्टा बांधतो, पण तांबडी कड गळ्याजवळ घेऊन. लोक म्हणाले, दुसरा पट्टा घे. तो म्हणाला, झेलीच्या टाक्यांना मी सवत आणणार नाही. मग काय, गावात मी निळा वर आणि पॅरिसच्या समारंभांत तांबडा वर. एकाच अंगाने दोन घरे सांभाळू लागलो.

आणि मग तो दिवस आला. जुन्या गिरण्यांना मिळणारी सरकारी मदत थांबवायचा ठराव होता. सरकार त्याच्याच पक्षाचे. मी बाकाखाली, त्याच्या कातडी पिशवीत होतो. हात वर करा, असे कोणीतरी म्हणाले. मला दिसले काहीच नाही. पण माझ्या डोक्यावर एका कोटाची बाही सळसळली, आणि ती बाही मी ओळखत होतो.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी सगळे गाव जमले. मास्तर स्टेशनवरून थेट आला. गाडीतच घाईघाईने त्याने मला बांधले. गर्दीतून वाट काढीत तो झेलीसमोर उभा राहिला. तिची नजर आधी माझ्यावर गेली.

"काय रे मास्तर, आज आमच्याकडे पॅरिसचा पाहुणा होऊन आलास?"

सवयीने त्याने तांबडी कड गळ्याशी घेतली होती. चारदोन जण हसले. झेली हसली नाही. तिचा मुलगा रेमी त्याच गिरणीत होता.

"हात वर केलास का तू?"

"मी तेव्हा सभागृहात नव्हतो, झेली."

त्याने मला सोडले आणि सर्वांदेखत फिरवून पुन्हा बांधले, निळा वर.

गिरणी बंद पडली. रेमी सीमेपलीकडे बेल्जियमला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. गावाने मास्तरवर विश्वास ठेवला, पुन्हा पुन्हा निवडून दिले. झेली मत त्यालाच देई, पण पक्षाच्या बैठकीला तिने परत पाऊल टाकले नाही. तो मात्र निवडून आला की घरी येऊन मला खुर्चीवर टाकी आणि चिकोरीच्या कॉफीचा वाडगा निववत बसून राही.

पुढे तो निवृत्त झाला आणि मी खणात गेलो, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. माझ्या घडीवर पिवळी रेघ पडली. मित्रांनो, रेशीम कितीही जपून ठेवा, घडी बदलली नाही तर ते घडीवरच फाटते. म्हणून घरातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून बाहेर काढा, उजेड दाखवा, त्यांना काय झाले ते बघा. एवढेच माझे मागणे.

मला उजेड दिसला तो यंदाच्या शरदात. ग्रंथालयाला मास्तरचे नाव द्यायचे ठरले होते. आता मला बांधण्याचा हक्क त्याला नव्हता, म्हणून त्याने मला हातावर घेतले. पुढच्या रांगेत झेली होती, नव्वदीला टेकलेली, गुडघ्यांवर काठी आडवी टाकून.

"वेटरसारखा पट्टा हातावर टाकून आलास मास्तर? आमची ऑर्डर घे की मग."

सगळे खळखळून हसले. तरुण नगराध्यक्षा बोलू लागली. गिरणीच्या लढ्यात गावाच्या बाजूने ठाम उभा राहिलेला माणूस, असे तिने म्हटले तेव्हा टाळ्या पडल्या. झेलीचे हात काठीवरच होते.

मास्तर उठला. भाषणाचा कागद त्याने उघडलाच नाही. व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून तो झेलीच्या खुर्चीपाशी आला आणि खुर्चीच्या कडेला धरून हळूहळू खाली बसला, तिच्या डोळ्यांइतका.

"झेली, मी सभागृहातच होतो," तो म्हणाला. "मी हात वर केला होता."