आमच्या मनात काही नाही

महलतने सकाळी नेहमीसारखं जवाचं पीठ मळलं, तंदूर पेटवला, भाकऱ्या थापल्या. शेजारची एकही बाई सुतकाच्या घरी द्यायची मसूर घेऊन आली नाही. कशी येणार? तिच्या पोराला, एल्याशीबला, काल खुनाच्या आरोपावरून गावाबाहेर दगडांनी ठेचून मारलं होतं, आणि न्यायालयाने मारलेल्याचं सुतक धरायचं नाही, रडायचं ते मनातल्या मनात, असा आमचा कायदा.

"आवर लवकर," नवरा हिल्किया दारातून म्हणाला.

न्यायाधीशांचं क्षेमकुशल विचारायला जायचं होतं. मेलेल्याच्या घरच्यांनी त्यांच्यापुढे उभं राहून म्हणायचं, 'तुम्ही खरा न्याय केलात. आमच्या मनात तुमच्याविषयी काही नाही.'

"आणि नाही म्हटलं तर?"

"पोर न्यायालयाच्या जागेत पुरलंय; वर्षाने त्याची हाडं मागायला त्याच दारात जायचंय. आजोबांच्या दफनगुहेत नकोत का ती? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, बाई?"

आमचा न्याय मोठा बारकाईचा बरं का! तेवीस न्यायाधीश. खून कुठल्या दिवशी, कितव्या घटकेला, कुठल्या झाडाखाली, सगळं दोन्ही साक्षीदारांना वेगवेगळं घेऊन विचारलं. आरोपीच्या बाजूने कुणी बोलायला आलंच, तर त्याला मारायला नेणाऱ्यांना परत फिरवायला वाटेवर घोडेस्वारही ठेवला. आणि शेजारीण होग्ला न्यायालयाच्या दारात घसा फोडून सांगत होती, "त्या घटकेला एल्याशीब माझ्या तंदुरापाशी बसून जेवत होता हो!" तर शिपाई हसला.

"मावशे, बाईची साक्ष कधीपासून चालायला लागली? नवऱ्याला पाठव."

होग्ला विधवा. ती कुणाला पाठवणार?

वेशीतल्या न्यायासनापुढे माणसं दाटली होती. मधोमध मुख्य न्यायाधीश, म्हातारा यहोनादाब बसला होता. त्याच्या शेजारी ते दोघे साक्षीदार होते. पहिला दगड त्यांच्याच हातचा. महलतला त्यांच्या हातांवरून नजर काढता येईना.

हिल्कियाने ठरलेले शब्द म्हटले.

"आता तू म्हण," यहोनादाब महलतला म्हणाला.

"ह्यांनी म्हटलं ना."

"आईनेही म्हणायचं असतं."

"म्हणजे इथे बाईचा शब्द लागतो?" महलतने मान वर केली. "काल होग्लाचा चालला नाही. आज माझ्यावाचून अडलं का तुमचं?"

हिल्कियाने तिचा पदर ओढला. यहोनादाब अगदी हळू म्हणाला, "पोराच्या हाडांचा विचार कर."

ते ऐकून जमलेल्या बायकांच्या अंगावर काटा आला. पण महलत बोलली.

"माझ्या मनात आहे. पुष्कळ आहे. खोटा न्याय केलात तुम्ही."

आणि साक्षीदार जिथे उभे राहतात, त्या जागी तिने बसकण मारली. "होग्लाला बोलवा. तिचं ऐकल्याशिवाय मी उठायची नाही."

"अगं, पोर तर गेलं. आता ऐकून काय उपयोग?" यहोनादाब म्हणाला.

"उद्या ज्याला धरून आणाल, त्याला होईल."

यहोनादाबने हिल्कियाकडे पाहिलं. बायकोला तोच उठवील असं त्याला वाटलं असावं. पण आयुष्यात कधी कुणाला उलट न बोललेला हिल्किया गर्दीतून वाट काढत होग्लाला आणायला निघाला.