चिठ्ठीतला ‘टू’

त्र्याऐंशीच्या मार्चात, जिंतूरकडच्या एका खेड्यातल्या उपकेंद्रात छबूबाई बाळंत झाली. पोरगी रडली, पण छबूबाईचं रक्त थांबेना. नर्स कुसुमबाईंनी इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या. रक्त उणावलं, बीपी मात्र वर येईना. आकडा कागदावर लिहून त्यांनी छबूबाईच्या दिराला, आश्रुबाला, सायकलवर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे पिटाळलं. तालुक्याला नेऊ का, एवढंच विचारलं होतं.

दोन तासांनी आश्रुबा घामाघूम होऊन परतला. डॉक्टर दुसऱ्या पेशंटात अडकलेले. त्याच कागदाच्या मागं त्यांनी इंग्रजीत एक ओळ खरडली होती : ‘शी इज टू वीक टू शिफ्ट.’

दारात बैलगाडी जुंपलेलीच होती. गावातले जुने मॅट्रिक किशनराव, त्यांनी कागद घेतला.

"वीक हाय म्हन्तेत. शिफ्ट करा म्हन्तेत. उचला!"

कुसुमबाईंनी कागद त्यांच्या हातून घेऊन ती ओळ वाचली. त्यांचं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं. पण परभणीला ट्रेनिंगमध्ये मेट्रननं एकदा बजावलं होतं : ‘व्हेरी हॉट’ चहा फुंकून पिता येतो, ‘टू हॉट’ पिताच येत नाही. टू म्हणजे नको तितकं. पुढं दुसरा टू आला, की ते काम होत नाही असं समजायचं. असंच होतं ना? की उलटं?

"बैल सोडा," त्या म्हणाल्या. "लय अशक्त हाय, हलवण्याजोगी न्हाई. तेच लिवलंय."

"बाई, तुमी मॅट्रिक हाव का?"

"न्हाई."

"मंग?"

छबूबाईचा नवरा सिताराम एकदा बाईंकडं, एकदा किशनरावांकडं बघत होता. "बाई, तिला काई झालं तर?"

"तर माज्यामुळं झालं म्हना. पर हलवू नगा."

त्या खाटेपाशी दाराकडं पाठ करून बसल्या. छबूबाईचं मनगट हातातून सोडलं नाही. बाहेर किशनरावांचा आवाज चढत होता. मधेच एकदा नाडी लागेना. बोट सरकवलं, तेव्हा कुठं लागली.

ऊन कलल्यावर मोटारसायकल आली. डॉक्टर सलाईनच्या बाटल्या घेऊन थेट आत शिरले.

"जागची हलवली नाही ना?"

"न्हाई, साहेब."

दुसरी बाटली संपता संपता बीपी नव्वदवर आलं. छबूबाईनं पाणी मागितलं.

कुसुमबाई हात धुवायला हापशावर गेल्या. दांडा काही केल्या खाली जाईना, दंडात जोरच उरला नव्हता. मागून सिताराम आला, त्यानं दांडा धरला आणि हापसू लागला.