गळ्यातला माइक

मी एक जुना माइक आहे. सभेत फुंकर मारून 'हॅलो, हॅलो' करतात, तो मोठा माइक नाही. काडेपेटीएवढा, शिक्षकांनी गळ्यात अडकवायचा. माझ्यात बोललेलं वर्गात इतर कुणालाच माझ्यातून ऐकू येत नाही. ते थेट एका मुलीच्या कानातल्या यंत्रात जातं. मित्रांनो, एवढंच माझं काम. ते मी इमानेइतबारे केलं आणि तेच नडलं.

मला शाळेत आणलं विशेष शिक्षिका असलेल्या बाईंनी. पाच शाळांना मिळून या एकच बाई. आमच्या वाट्याला फक्त गुरुवार. माझ्यासाठी त्यांनी दोन वर्षं अर्ज केले, हेलपाटे घातले. मुलगी तेव्हा नववीत होती. कानातलं यंत्र लावूनही तिला लांबचं नीट ऐकू यायचं नाही, म्हणून ती ओठ बघून समजून घ्यायची. पण गणिताचे सर शिकवायचे फळ्याकडे तोंड करून. पाठीला ओठ नसतात, त्यामुळे निम्मं गणित वाहून जायचं.

"हे लोढणं रोज घालायचं का?" सर कुरकुरले, पण त्यांनी मला घातलं. पहिल्याच तासाला, सर पाठमोरे असताना, पोरीने उत्तर दिलं! एरवी ती गणितात काठावर पास व्हायची, सहामाहीत तिला बासष्ट मिळाले. बाईंनी मला पदराने पुसलं. "शाब्बास रे बाबा," म्हणाल्या. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं असतं.

मग पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म आला. मोठं गणित की सोपं गणित? सोपं घेतलं की विज्ञानाची वाट कायमची बंद. पोरीने मोठ्या गणितापुढे पेन्सिलीने खूण केली. "घरी आईला विचार, मग पेनने कर हं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली आणि सर मला काढायला विसरले. तसेच स्टाफरूममध्ये गेले, वर्गाच्या भिंतीपलीकडेच. माझा हिरवा दिवा चालू होता. विज्ञानाच्या मॅडमनी विचारलं, "तुमची ती मुलगी मोठं गणित घेतेय म्हणे?"

सर हसले. "बासष्ट मिळाले म्हणून हुरळलीय. तिच्या डोक्यात काय शिरतंय? नुसती मान डोलावते. उगाच आपला निकाल खाली आणणार."

मला माझं बटण बंद करता येत नाही, मित्रांनो. भिंतीपलीकडे ती एकटीच डबा खात बसायची, यंत्र कानात ठेवून. मी एक शब्द गाळला नाही. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

गुरुवारी तिने मला आणून बाईंच्या हातात ठेवलं. "नको बाई. डोकं दुखतं याने." फॉर्मवरची पेन्सिलीची खूण खोडलेली होती. सोप्या गणितापुढे पेनने केलेली होती.

"अगं, काय झालं? कुणी काही बोललं का?"

"नाही. मला जमत नाही ते."

बाईंनी मला दहादा तपासलं. बिघाड सापडेना. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं, 'विद्यार्थिनी उपकरण वापरत नाही.' सरांनी खाली सही केली आणि म्हणाले, "बघा, मी म्हणतच होतो."

तेव्हापासून मी कपाटात. तपासणीला साहेब आले की सर मला गळ्यात घालतात. माझे सेल केव्हाच मेलेत. पण साहेब बघतात आणि नुसती मान डोलावतात. मुलगी आता दहावीत आहे. सोपं गणित पंधरा मिनिटांत संपवते आणि उरलेला तास खिडकीबाहेर बघत बसते.

मला पुसू नका, सेलही बदलू नका. एकच करा. ज्याला कमी ऐकू येतं, कमी दिसतं, उशिरा उमजतं, त्याच्याबद्दल बोलताना मी गळ्यात आहे असं समजून बोला. सामानाच्या यादीत माझ्यापुढे 'नादुरुस्त' लिहिलंय. साफ खोटं आहे ते. मी चालू होतो, मित्रांनो. त्या दिवशी तर फारच चांगला चालू होतो.