पडद्याआडच्या अक्षता

रेणापूरच्या सिद्रामप्पांनी जत्रेत कर्णे बांधले, पुत्र बसवराजांनी लग्नालग्नांत अॅम्प्लिफायर नेला, नातू चंद्रप्पांनी साऊंडची गाडी उभी केली. आता ती विद्या जिच्या बोटांत उतरली होती, ती चंद्रप्पांची विधवा सून अक्षरा लातूरच्या मंगल कार्यालयात मंचाचा पडदा आणि भिंत यांच्यामधल्या हातभर जागेत उभी होती. लग्नाच्या मंचावर विधवेचे पाऊल पडू नये, हा सासू गौरम्मांचा दंडक. वर वायरी जोडी दीर अमरेश. ही आडून सांगे.

गळ्यात इष्टलिंग धारण करणाऱ्या लिंगायत घरात विटाळ नाही, असे आपण सभेत अभिमानाने सांगतो. आणि पडदेही आपणच शिवतो.

अक्षता वाटल्या गेल्या अन् स्पीकर घुमू लागले. लग्न लावणाऱ्या स्वामींचा एक शब्द उमटेना.

"साऊंड लावलाव का मोहोळ उठवलाव, गौरम्मा?" मंचाच्या कडेला उभ्या गौरम्मांवर वधूपिता शेषेराव कडाडले.

"अमरेश, माइकची वायर लाइटच्या वायरीसंगं बांधलीस का?" पडद्याआडून अक्षरा.

"सगळा एकच गठ्ठा हाय, वहिनी!"

"हिरवा दोरा बांधलेली माइकची हाय, ती येगळी काढ."

त्याने घाईत ती पिनेसकट उपटली. माइक मुका झाला.

"आत्याबाई, मी येऊ का?"

"न्हाई. तिथंच थांब."

गौरम्मा बोलल्या खऱ्या; पण पडद्याखालून आलेली, वायर चाचपणारी बोटे त्यांनी पाहिली. बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्याच लग्नात अशीच बोटे पडद्याखालून आली होती. विधवा सासू शरणम्मांनी लेकासुनेवर टाकलेल्या अक्षता पडद्यापाशीच सांडल्या होत्या. नवरी गौरम्मांनी ते पाहून मान खाली घातली होती.

त्यांनी पडदा फर्रकन ओढला.

"चल वर."

"लोक काय म्हणतील, आत्याबाई?"

"त्येंच्या गळ्यात लिंग हाय, तुझ्याबी हाय. मग इटाळ कुणाचा?"

शेषेराव आडवे आले. "माझ्या लेकीचं लगीन हाय, गौरम्मा!"

"म्हणूनच. सरका."

अक्षरा वर चढली. तिने गठ्ठा सोडला, लाइटच्या वायरी एका कडेने अन् माइकची दुसऱ्या कडेने नेली; हिरव्या दोऱ्याची पिन बसवली. घुमणे थांबले. स्वामींचा स्वर शेवटच्या खुर्चीपर्यंत लख्ख पोचला.

ती उतरू लागली. गौरम्मांनी तिचा हात धरला, ताटातल्या अक्षतांची मूठ भरली आणि निम्म्या तिच्या ओंजळीत घातल्या.

"टाक. नवरानवरीच्या डोक्यावर, सगळ्यांसमोर."

अक्षराने टाकल्या. उरलेल्या गौरम्मांनी पडद्यामागच्या त्या रिकाम्या, हातभर जागेत वाहिल्या. शरणम्मांचे देणे पुरते फिटले.