न बांधलेले नारळ

कासा बाजाराबाहेरच्या चिंचेला शे-दोनशे नारळ लटकत होते. एकेक नारळ म्हणजे तापातून उठलेला एकेक माणूस! खाली ही गर्दी. तिथे बसून भाकीत सांगणाऱ्या बाबाने पाण्याच्या तांब्यात भाताचा दाणा टाकला. "तरला! पोर शनिवारी उठून भाकर मागेल. सुई टोचलीत तर माझा शब्द गेला!"

दाणा पोचट होता. पोचट दाणा तरंगतोच, हे पेरणीच्या वेळी तिथल्या प्रत्येकाला कळतं. बाबापुढे मात्र अक्कल गहाण.

पोर होती जवळच्या पाड्यावरच्या शुक्रीची धाकली, सहा वर्षांची. मी मलेरिया खात्याचा माणूस. एकसष्ट साली घरोघर फिरून तापाच्या नोंदी घ्यायचो, कुणाला दाखवलं तेही लिहायचो. धाकली ग्लानीत होती.

"बाई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. कोसभर तर आहे."

"शनवारपर्यंत थांबते, साहेब. एवढे नारळ काय खोटे?"

त्याचं उत्तर माझ्याच वहीत होतं, आणि मी गाढवाने ते कधी पाहिलं नव्हतं. रात्रभर बसून दोन वर्षांच्या नोंदी ताडल्या. बाबा सगळ्यांनाच "उठेल" म्हणायचा. त्याच्याकडे न गेलेल्या शंभर तापकऱ्यांत चार दगावले होते; गेलेल्या शंभरांत नऊ, कारण ते वाट बघत घरीच पडून राहिले. त्या नऊंत शुक्रीचा थोरला मुलगा रघ्या होता.

शुक्रवारी पाड्यावर पोचलो, तर धाकली पहाटेच गेली होती.

"रघ्याच्या वेळी बाबा चुकला, हे बोलली का नाहीस?" विचारलं, आणि माझीच मला लाज वाटली.

"सुतकात देवाच्या दारी कशी जाऊ? सुतक फिटलं, तवा भाताची लावणी आली."

असं होतं ते! जे जगले, ते नारळ बांधायला येत. मेलेल्यांची घरं दार लावून बसत. चिंचेखाली बाबाची चूक कधी पोचतच नव्हती.

तिसऱ्या दिवशी शुक्री सुतकातच तिथे जाऊन उभी राहिली.

"विटाळ! मागे हो!" बाबा ओरडला.

"दोन पोरं उठवणार होतास. दोन्ही पुरली मी."

गर्दीतून लडक्या म्हणाला, "माझी बायको पण." मग रखमी बोलली. मग आणखी चौघं. बाबाने तांब्या आवरला.

कुणी भाकीत सांगितलं, तर खरं किती निघालं एवढ्यावर भुलू नका. खोटं किती निघालं ते विचारा, आणि बाबा नसता तर किती वाचले असते, तेही. याला शाळा लागत नाही. शुक्रीला अक्षरओळख नव्हती, तरी तिने विचारलं. पण दोन मुलं गेल्यावर. तुम्ही आधी विचारा.